आत्याच्या नावावर माझा अंगठा

नाय, पण मला एक सांगा, पाळण्यात बसायला अंगठा कशाला लागतो? पास हाय, पासवर नाव हाय, नावाचं माणूस जित्तं समोर उभं हाय, मग अंगठा कशाला? आमच्याकडं जत्रेतला पाळणेवाला काय करतो, पोराला बखोटीला धरतो, आत बसवतो, दांडी लावतो आन् फिरवतो. संपलं. आता अंगठा बँकेत लागतो, रेशनला लागतो, मोबाइलचं कार्ड घ्यायला लागतो, ते सगळं मान्य. पण पाळण्याला? आन् वर त्या पार्कवाल्यांचं म्हणणं काय, तर 'सर, हे तुमच्याच सोयीसाठी आहे.' माझ्या सोयीसाठी? तुमाला सांगतो, मी फकस्त बोट टेकवलं, बाकी काय केलं नाय, आन् भर दुपारी आख्ख्या रांगेसमोर मी सख्ख्या आत्याची जमीन लाटणारा चोर ठरलो.

थांबा, पयल्यापासून सांगतो, नायतर तुमी पण मला तसलाच समजाल.

मी हरेश. इकडं खालापूरकडचाच. कंपनीत कामाला, पावसात भातशेती. गेल्या साली काय झालं, कंपनीनं कामगारांना हायवेजवळच्या त्या मोठ्या पार्काचे पास दिले. चार माणसांचे. मी, बायको, पोरगी, आन् चौथा पास आईचा नायतर बापाचा. आता माझी दोघंबी देवाघरी. मग चौथं कोण? तर आमची रूपाली म्हणाली, 'अहो, शेलूच्या आत्याबाईंना न्या.' मला पटलं. बाप नाय तर बापाची बहीण. नाव लिहून दिलं, पासवर छापून आलं, भागूबाई. तुमी म्हणाल, वा, काय चांगला भाचा हाय, म्हातारीला फिरवायला नेतोय. तेच तर दुखणं हाय ना.

कारण ह्या भागूआत्याचा आमच्या वरकसात वाटा हाय. वरकस म्हंजे गावामागची चढाची जमीन. भात होत नाय तिथं, पूर्वी वरी-नाचणी व्हायची, आता गवत आन् एक म्हातारी जांभळ. पण आमच्याकडं एजंट हाय एक, राजेश. त्याला त्या गवतात फार्महाऊस दिसतात. त्याला प्लॉट पाडायचेत, आन् त्यासाठी आत्यानं हक्क सोडल्याचा अंगठा पायजे, कारण आत्या सही करत नाय, अंगठाच करते. मग रोज फोन. 'हरेशभाऊ, झाला का आत्याचा अंगठा?' सकाळी दात घासताना फोन, दुपारी डबा उघडला की फोन. आन् माझ्या मोबाइलचं असं झालंय, एकदा भाताच्या खाचरात पडला, तवापासून कानाला लावला तर मुका. स्पीकरवरच बोलायला लागतं. म्हंजे 'झाला का अंगठा' हे मला ऐकू यायच्या आधी शेजाऱ्याला ऐकू जातं.

हाच राजेश मला म्हणाला, 'हरेशभाऊ, आत्याला जरा फिरवून आणा. काय गोडधोड खाऊ घाला. खूश माणूस नाय म्हणत नाय.' खरं सांगतो, मला कसंतरीच झालं. जिनं खांद्यावर बसवून मला त्याच जांभळीची जांभळं काढून दिली, तिला कुठल्या तोंडानं म्हणू, आत्या, तुझा वाटा सोड? विषय काढायचा म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. पण रूपाली वैतागली होती. 'अहो, एकदाच सरळ विचारा आन् मोकळे व्हा. हो तर हो, नाय तर नाय. त्या राजेशचा आवाज ऐकून मला घास जात नाय.' मग ठरलं. दिवसभर पार्क, संध्याकाळी आत्या आमच्याच घरी मुक्कामाला, जेवणं झाली की हळूच विचारायचं. विचारायचं, बरं का. फसवायचं नाय. हा फरक तुमी ध्यानात ठेवा, कारण त्या दिवशी दुसऱ्या कुणी ठेवला नाय.

आता शेलूत काय झालंय ते तुमाला ठाऊक हाय. जिथं गुडघाभर चिखलात लावणी चालायची तिथं आता बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांत चड्ड्या वाळतात. त्यात आत्याच्या शेजारची चिंधीबाई. तिला भावांनी कर्जतला नेलं, साडी घेतो म्हणून. साडी घेतली. मग आइस्क्रीम खाऊ घातलं. आन् परत येताना एका हापिसात जरा थांबले. 'ताई, हितं अंगठा दे गं, साडीची गॅरंटी हाय.' ताईनं दिला. साडीचा रंग पयल्या धुण्याला गेला आन् जमीन त्याच्याबी आधी. तवापासून आमची आत्या कुणीबी भेटलं की एकच सांगते, 'आइस्क्रीम खाल्लं आन् वाटा गेला.' हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. आन् तरी मी काय करावं? शेलूहून आत्याला गाडीत घातलं, कर्जतवरनं खोपोलीकडं आलो, आन् तिथल्या शिळफाट्याला गाडी थांबवून तिला आइस्क्रीम घेतलं. ऊन होतं हो. पोरीनं मागितलं, आरोहीनं, मग एकटीला कसं घेणार, सगळ्यांना घेतलं.

आत्यानं तो कोन हातात धरला. कोनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

'आज लय माया आलीया रं हरेश.'

'खा गं आत्या, वितळतंय.'

खाल्लं तिनं. पण असं खाल्लं, एक घास कोनाचा, एक नजर माझ्यावर. मला आरशात दिसत होतं. साडी तेवढी राहिली होती घ्यायची, म्हंजे चिंधीचा सगळा कार्यक्रम पुरा झाला असता.

आलो पार्कात. गेटावर ही गर्दी. गेटात आडवी दांडी, दांडीजवळ मशीन, मशीनवर काच, काचेत हिरवा उजेड. मागं एक पोरगी, बिल्ल्यावर नाव, सुरभी. चांगली पोरगी, तिचा काय दोष नाय. ती सगळ्यांना समजावत होती, 'पास दाखवा, अंगठा ठेवा. बाहेर जाऊन परत आलात तर हाच अंगठा जुळला पाहिजे.' एका पासवर सकाळी एक आन् दुपारी दुसरा शिरू नये म्हणून ही भानगड. लोकबी कमी नायत म्हणा. तर रूपाली गेली, आरोही गेली, आन् आत्याचा नंबर आला. पोरीनं पास मशीनला दाखवला आन् म्हणाली, 'आजी, अंगठा.'

झालं. आत्याचे दोन्ही हात पदराखाली.

'कशापायी?'

'एंट्रीसाठी, आजी.'

'कागुद कुटं हाय?'

'कागद नाही आजी, सगळं मशीनमध्येच असतं.'

आत्या माझ्याकडं वळली. 'चिंधीला निदान कागुद तरी दावला व्हता.'

मागं रांग तटलेली. आमच्या पाठीशी डोंबिवलीचे एक काका, पाणी अजून कुठं दिसत नाय तर ह्यांच्या कमरेला फुगवलेली ट्यूब. त्या ट्यूबनं मला ढकलतायत. 'अहो, चला ना पुढे, आत गर्दी होते.' मग मी काय केलं? जे कुणीबी करेल तेच केलं. म्हणालो, 'आत्या, काय होत नाय गं. हे बघ, असा ठेवायचा.' आन् ठेवला माझा अंगठा काचेवर. मशीन टिंग वाजलं, काहीतरी बोललं, पण आत एवढ्या मोठ्यानं गाणी लावलेली, ऐकू कुणाला येतंय? दांडी उघडली. आत्याला वाटलं, दिली सोडून पोरीनं, म्हातारी बघून. गेली आत. मी माझा पास पुढं केला तर पोरगी म्हणाली, 'सर, तुमचा अंगठा झाला ना? चला, चला.' तिनं मला टेकवताना बघितलं होतं, आन् मागनं ट्यूबचा रेटा. मीबी गेलो. तुमाला सांगतो, मी फकस्त बोट टेकवलं. आता पास आत्याचा लागलेला होता, हे मला काय स्वप्न पडलं होतं?

आत मात्र आत्या खुलली. होडीत बसली, भुताच्या घरात जाऊन भुतालाच दम देऊन आली, आन् मोठ्या पाळण्यात तर माझ्याआधी चढली. पाळणा वर गेला. माझे डोळे मिटलेले, दांडी घट्ट धरलेली. आन् आत्या मला ढोसतेय.

'हरेश्या, हितनं आपलं वरकस दिसतं का रं?'

मी एक डोळा उघडला. सगळीकडं डोंगर, बिल्डिंगा, हायवे. कुठलं वरकस आन् काय. म्हणालो, 'दिसतं. ती बघ जांभळ.'

'व्हय रं,' म्हणाली. 'दिसली.' आन् खाली येईस्तोवर तिकडंच बघत बसली. आता सांगा, ह्या बाईला रात्री जेवण झाल्यावर काय विचारणार तुमी? मी तिथंच अर्धा खचलो होतो.

दुपार झाली. घरचं खाणं आत आणू देत नायत, भाकऱ्या आन् सुकटीची चटणी गाडीतच ठेवलेली. रूपाली आन् आरोही कसल्यातरी राइडच्या रांगेत, ती रांग सोडली तर परत पयल्यापासून. त्या म्हणाल्या, आमी इथंच वडापाव खातो. आत्या म्हणाली, मला भाकरच पायजे. मग मी आन् आत्या दोघंच बाहेर आलो, पार्किंगमध्ये एका झाडाखाली बसून जेवलो. तिथं तिनं विचारलंबी, 'खरं सांग, आज मला कशापायी आनलंस?' मी तिच्या भाकरीवर अजून चटणी वाढली. मी म्हणालो, 'असंच गं.' असंच. ह्याच्यापरीस वाईट उत्तर जगात नाय.

परत गेटावर आलो. आत्याचा पास लावला. पोरगी तीच.

'आजी, सकाळी दिलात तोच अंगठा.'

'सकाळी मी दिलाच नाय,' आत्या म्हणाली.

'दिलाय आजी. हे बघा, इथे दिसतोय.'

'माज्या नावावर अंगठा हाय?'

'हो.'

'कुनी दिला?'

बघा हं. मला तवा कळलं. टाळूपासून टाचेपर्यंत एकदम कळलं. मी म्हणणार होतो, आत्या, जरा बाजूला ये, समजावतो. पण ती सुरभी, बिचारी, तिचंबी डोकं चाललं, तिला सकाळचं आठवलं, म्हणाली, 'सर, तुम्ही लावून बघा बरं.' आन् मी येडा, लावला. टिंग. हिरवा दिवा. आन् तेवढ्यात आतली गाणी थांबलेली, सगळीकडं चिडीचूप, आन् ते मशीन बाईच्या गोड आवाजात खणखणीत बोललं...

'भागूबाई, आपलं स्वागत आहे.'

मी. मिशीवाला. भागूबाई.

रांग हसली. पण आत्या हसली नाय. तिचा चेहरा असा पडला ना, की मला वाटलं ह्या दांडीखाली तोंड लपवावं. ती बाजूलाबी गेली नाय. गेटाच्या मधोमध जमिनीवर बसली, मांडी घालून. 'माज्या नावावर ह्यानं अंगठा दिला,' म्हणाली. ओरडली नाय. ओरडली असती तर परवडलं असतं. हळू म्हणाली, आन् म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

गार्ड धावत आला. 'ओ, दुसऱ्याच्या पासवर अंगठा? कायदेशीर कारवाई होते.' मी म्हणालो, 'अहो, चुकून झालं, मी फकस्त बोट टेकवलं.' गार्ड म्हणाला, 'सगळे हेच म्हणतात.' आन् मागं तेच डोंबिवलीचे काका. तेबी जेवायला बाहेर आले होते, ट्यूब कमरेलाच. 'वाटलंच मला सकाळी. घाई करत होता हा माणूस.' मी घाई करत होतो? मी?

आन् नेमका, नेमका तवा माझा मोबाइल वाजला. बंद करायला गेलो तर घामाचं बोट, भलतीकडंच लागलं, आन् स्पीकरवर राजेश, 'हरेशभाऊ, झाला का आत्याचा अंगठा?'

मी बटण शोधेस्तोवर राजेश पुढं बोललाबी.

'आइस्क्रीम दिलंत ना? खूश हाय ना म्हातारी? मग घ्या की उरकून...'

मी फोनचा गळा दाबला. पण आता दाबून काय उपयोग? गार्ड माझ्याकडं बघतोय, सुरभी बघतेय, रांगेतली एक पनवेलची बाई हातातलं पॉपकॉर्न तोंडाशी नेऊन थांबलीय. आत्या तेवढी बघत नव्हती. तिनं पदर डोक्यावरनं पुढं ओढून घेतला होता. मला वाटलं, संपलं. आता ही उठणार, शेलूला जाणार, आन् माझ्या दाराचं तोंड परत बघणार नाय. बाप गेला, आई गेली, मला 'हरेश्या' म्हणणारं एकच माणूस राहिलं होतं जगात, ते मी एका अंगठ्यात घालवलं.

तेवढ्यात गर्दीतनं एक ससा आला.

खरा नाय हो. पार्कातला. माणसाएवढा, पांढरा, हे एवढे कान. भांडण लागलं की पोरांना हसवायला पाठवतात बहुतेक. तो आला, आत्यासमोर दोन उड्या मारल्या, आन् एकदम थांबला. आतनं आवाज आला, 'भागूआत्या? तू हितं कशी?'

आत्यानं पदर वर केला. 'ह्यो ससा माजं नाव कसं घेतो?'

सशानं मुंडकं काढून काखेत धरलं. आतनं घामानं निथळलेला जैतू. आमच्या वरकसाच्या वर जी वाडी हाय तिथला. त्याचा बाप आन् माझा बाप एका बांधावर बसून बिडी ओढायचे. वाडीत कुणाचंबी भांडण लागलं तर मिटवायला ह्यालाच बोलावतात. सुरभी म्हणाली, 'जैतूदादा, डोकं घाला, नियम आहे.' तो म्हणाला, 'ताई, म्हातारी जमिनीवर बसलीय. हितं डोकं काढूनच बोलाय लागंल.'

सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, 'असं रस्त्यात भांडून भागायचं नाय. पाच मानसं बसवा, हितंच मिटवा.' आन् काय सांगू तुमाला, बसवली की. जैतू एक. गार्ड दोन. सुरभी तीन. डोंबिवलीचे काका, त्यांना ट्यूबमुळं नीट बसता येईना, ते चार. आन् पनवेलची पॉपकॉर्नवाली बाई, ती तर 'मी बसते, मी बसते' करत आपणहून आली. पाच झाले. गेटाच्या सावलीत गोल करून बसले. बाकीची रांग मागं उभी राहून ऐकतेय, आन् आता कुणालाबी आत जायची घाई नाय.

आत्यानं म्हणणं मांडलं. 'माजं येवढंच हाय. आइस्क्रीम खाऊ घातलं, पाळन्यात बसवलं, आन् माज्या नावावर ह्यानं सोताचा अंगठा दिला. त्यो मानूस फोनवर इचारतो, झाला का. आता ह्याला काय म्हनायचं ते तुमी म्हना.'

सुरभी म्हणाली, 'आजी, चूक माझी आहे. आणि ह्या अंगठ्यानं जमीन जात नाही हो, फक्त गेट उघडतं.'

'चिंधीला पन असंच गोड सांगितलं व्हतं.'

काका म्हणाले, 'फोनचं काय मग? फोन तर सगळ्यांनी ऐकला.' ह्या माणसाला वकील व्हायचं राहून गेलं असणार.

जैतूनं सशाचं मुंडकं मांडीवर ठेवलं आन् माझ्याकडं बघितलं. 'हरेशभाऊ, मशीनचं राहू दे. तुज्या पोटात काय व्हतं त्ये सांग.'

मग काय, सांगितलं. म्हणालो, 'होतं पोटात. आज रात्री जेवणं झाली की विचारणार होतो. अंगठा चुकून लागला, देवाशप्पथ चुकून लागला, पण विचारणार होतो हे खरं हाय. रोज फोन येतो. मला तुला विचारवत नाय आन् त्याला नाय म्हणवत नाय.'

आत्यानं पदर सारखा केला. मग मला नाय, पंचांना म्हणाली, 'वाटा हाय तवर ह्यो गाडी घेऊन शेलूला येतो. वाटा गेला की कोन येतंय? चिंधीला भाऊबीजंला पन बोलावत नायत आता. मला गवत घेऊन काय करायचंय? पन त्या गवतापायी माज्या बापाचं दार मला उगडं हाय.'

पॉपकॉर्नवाली बाई डोळे पुसायला लागली. माझंबी तेच झालं, लपवत नाय तुमच्यापासून. मी उठलो, पाच पंचांसमोर, आख्ख्या रांगेसमोर म्हणालो, 'आत्या, वाटा तुझा. मी मागणार नाय. आज नाय आन् कधीच नाय. आन् दर दिवाळीला तुला न्यायला मी येणार, वाटा असो नायतर नसो.'

आन् काय सांगू, एवढं मोकळं वाटलं. भाताचा भारा डोक्यावरनं खळ्यात टाकल्यावर मान कशी हलकी होते, तसं. इतके दिवस मी विचारायचं कसं, विचारायचं कसं, हेच घोळवत होतो. न विचारताबी सुटका होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या राजेशची भीती गेली, जिभेचं चिकटणंबी गेलं. जैतू म्हणाला, 'पंचांनी ऐकलं का?' गार्ड म्हणाला, ऐकलं. सुरभी म्हणाली, ऐकलं. काका म्हणाले, 'लेखी घ्यायला हवं होतं,' पण ऐकलं.

मग सुरभीनं मशीनमधनं माझा अंगठा पुसला आन् आत्याचा मागितला. आत्या उठली. अंगठा पदराला पुसला, वर धरला, पंचांना दाखवला. 'ह्यो अंगठा फकस्त पाळन्यापुरता. जमिनीला लागू नाय.' आन् टेकवला. टिंग.

'भागूबाई, आपलं स्वागत आहे.'

आत्या दचकली. मगाशी तिला फकस्त माझा अंगठा दिसला होता, मशीनच्या बोलण्याकडं ध्यानच नव्हतं. 'काय म्हनलं गं त्ये?'

'तुमचं स्वागत केलं, आजी.'

'नाव घेऊन?'

'हो.'

'परत म्हनाय सांग.'

सुरभीनं बाहेरनं परत आत घेतलं. टिंग. भागूबाई, आपलं स्वागत आहे. आत्या गालात हसली. परत बाहेर गेली, परत आत आली. ह्या मशीनवर ज्या बाईचा भरवसा नव्हता, ती आता त्याला सोडायला तयार नाय. काका मागनं ओरडले, 'आजी, झालं आता,' तर म्हणते, 'दम धरा. माज्या माहेरात पन मला कंदी असं कोनी बोलावलं नाय.' हे ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

संध्याकाळी घरी आलो. रूपालीला सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, 'म्हंजे आता राजेशचा फोन नाय?' मी म्हणालो, नाय. तिनं हात जोडले, कुणाला जोडले कुणास ठाऊक, बहुतेक सशालाच, आन् जेवणात आत्याला तुपाची धार जरा जास्तच सोडली. त्या रात्री मी असा झोपलो, की घोरण्यानं आरोही दुसऱ्या खोलीत गेली.

सकाळी आत्याला शेलूला सोडलं. गाडीतनं उतरली, पिशवी घेतली, आन् खिडकीत वाकली.

'येडा हायस रं हरेश्या. सरळ मागितला असतास तर दिला असता की वाटा. तुला नाय तर कोनाला देनार? वर न्यायचाय का मला?'

माझे हात स्टिअरिंगवरच राहिले. म्हणालो, 'मग आत्या... आता...'

'आता नाय. पाच मानसांत शब्द गेलाय तुजा. ससा साक्षीला हाय.'

आन् फोन वाजला. स्पीकर. 'हरेशभाऊ, झाला का आत्याचा अंगठा?'

मी आत्याकडं बघितलं. म्हणालो, 'झाला.'

'वा! कुठं?'

आत्याच खिडकीतनं बोलली, 'पाळन्यावर. आन् तुला बसायचं असंल तर पयला अंगठा दे.'

तवापासून राजेशचा फोन बंद हाय. जेवण गोड लागतंय. वरकसात गवत हाय, जांभळ हाय, सगळं जिथल्या तिथं हाय. मी सुखी हाय, खरंच सुखी हाय. फकस्त एक झालंय. दिवाळीला आत्याला आणायला गेलो, घरी आणली, तर दाराशी आली आन् थांबली. रूपालीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, तरी बाई उंबऱ्याच्या आत येईना. मी म्हणालो, 'आत्या, ये ना गं.' म्हणाली, 'नाव घेऊन म्हन.' शेजारीपाजारी बघतायत, फटाके उडवणारी पोरं थांबलीत, आन् मी, घरचा कर्ता पुरुष, दारात हात जोडून उभा... 'भागूबाई, आपलं स्वागत आहे.' तवा आत आली. माघात परत तेच, गुढीपाडव्याला परत तेच. मशीनला निदान जागचं हलायला लागत नाय, मला आधी शेलूला जाऊन आणायलाबी लागतंय. आन् मी केलं काय होतं, तर फकस्त बोट टेकवलं होतं.